शाफ्टचं सुतक

अहो, गिरणी चालू आहे. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती सुरू झाली आणि तेव्हापासून तिचा आवाज माझ्या कानातून निघालेला नाही. आपलं घर गिरणीला पाठ लावून उभं. मधल्या भिंतीतून पट्ट्यांची फटफट येते, हलरची घरघर येते, आणि त्या सगळ्याच्या तळाशी शाफ्टची ती एकसुरी गुणगुण. ती तुम्हाला ऐकू येत नसेल हे मला अजून पटत नाही. मध्येच गिरणी थांबली की माझी मान आपोआप दाराकडे वळते. ती थांबली की तुम्ही जेवायला यायचात ना, म्हणून.

तेरावा झाला. पेण, उरण, आपटा, जिकडूनतिकडून आलेली माणसं आपापल्या घरी गेली. जाताना प्रत्येकाने तुमच्याविषयी चार चांगले शब्द सांगितले. बंदरावरचे तांदळाचे व्यापारी म्हणाले, फार सचोटीचा माणूस. मी आतून ऐकत होते. ह्या सचोटीच्या माणसाने बायकोचं एक लुगडं धड ठेवलं नाही, प्रत्येकावर काळे पंजे उठवले, हे त्यांना कोण सांगणार? ते काळं साबणाने जात नाही आणि रॉकेलनेही जात नाही. दाराच्या चौकटीवर तुमची बोटं आहेत, पाटाच्या कडेला आहेत. पाण्याच्या तांब्यावर होती, ती जावेने राखेने घासून काढली. चांगल्या मनाने केलं बिचारीने. मी तिच्यावर अशी ओरडले की ती परसात जाऊन रडत बसली, आणि मग मला तिची समजूत काढायला जावं लागलं.

तुमच्याबद्दल लोक बोलले ते मी पुन्हा लिहीत नाही. मी मिठागरवाल्यांची मुलगी, सातवीपर्यंत शिकलेली, लिहिता येतं म्हणून लिहिते आहे. आपला वाद अर्धा राहिला आहे. तो मनात ठेवून मला भाकऱ्या थापता येत नाहीत.

लग्न होऊन आले तेव्हा गिरणी नवीनच होती. घर दाखवायच्या आधी तुम्ही मला शाफ्ट दाखवलात. छपराखालून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला लोखंडी दांडा. इंजिनाने पट्टा ओढायचा, पट्ट्याने दांडा फिरवायचा, आणि दांड्यावरून खाली उतरलेल्या पट्ट्यांवर हलर चालायचे, भाताचा तांदूळ करायचे. "ह्यो फिरला का आपन जेवलो," तुम्ही म्हणालात. मी नव्या नवरीसारखी मान खाली घालून ऐकलं आणि मनात म्हटलं, ही आपली सवत दिसते. पुढे उघड सवतच म्हणायला लागले. तुम्हाला ते आवडायचं. एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणालात, धाकटीपेक्षा थोरली कमी बोलते.

सकाळी आंघोळ झाली की देवाच्या आधी तिचा मान. शिडी लावायची, पितळेच्या कुपीतून, दांडा ज्यांत फिरतो त्या एकेका बेअरिंगवर तेल सोडायचं, आणि शेवटच्या बेअरिंगला बोट लावून ते कपाळाला लावायचं. बघणाऱ्याला ती पूजाच वाटायची. इंजिनावर इस्माईलभाई होते, हलरवर माणसं होती, गाड्या आणि गिऱ्हाईक धाकट्या भावजींकडे होतं, पण त्या कुपीला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. लोकांनी मग तसंच धरलं, की शाफ्टला तेल घालणं हे यंत्राचं काम नाही, देवाचं आहे. ही खोड तुम्हीच लावलीत. तिचं पुढे काय झालं ते सांगतेच.

एका हंगामात तुम्ही आपट्याला लग्नाला गेलात आणि इकडे बेअरिंग जळलं. गिरणीत तूस उडतं, ते तेल पिऊन टाकतं. उरलंसुरलं खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने खराब होतं. सकाळी कुणी तेल घातलंच नाही, आणि दुपारी बेअरिंगमधला पांढरा धातू वितळून थेंब थेंब खाली गळायला लागला. तुम्ही परत आलात तेव्हा गिरणी गप्प होती. रोडपालीकडून, खारघरकडून आलेल्या भाताच्या गाड्या बैल न सोडताच दुसऱ्या गिरणीकडे वळत होत्या. तुम्ही कुणाला शब्दाने बोलला नाहीत. शाफ्टखाली पोत्यावर बसून राहिलात. मी जेवायला बोलवायला आले तर म्हणालात, "तिला तहान लागली गो, आनि पानी द्याला कुनी नव्हतं."

दुरुस्तीत सगळा हंगाम गेला. त्या वर्षी आपण गिरणीवाले असून तांदूळ दुसऱ्याच्या गिरणीतून आणून खाल्ला, आणि तुम्ही प्रत्येक घासाला तो कसा नीट कांडलेला नाही ते सांगितलंत.

त्यानंतर तुम्ही शिशाच्या नादी लागलात. मुंबईच्या एका ओळखीच्या फिटरने तुम्हाला डबा आणून दिला. शिसपेन्सिलीत असतं तेच काळं शिसं, पण पिठासारखं बारीक. त्याला ग्राफाइट म्हणतात, हे मला सांगताना काय ती ऐट! मग हंगामाच्या आधी दरवर्षी तो सोहळा. पट्टे उतरवायचे, बेअरिंगची टोपी काढायची, शाफ्टचा तेवढा भाग रॉकेलने पुसून कोरडा करायचा, पॉलिश पेपरने जरासा खरवडायचा. मग चामड्याच्या तुकड्यावर ती पूड घ्यायची आणि घासत बसायचं. लोखंड काळ्या आरशासारखं दिसायला लागलं, की त्यात स्वतःचं तोंड बघून मिशी सारखी करायची, आणि मग वरून तेल. एका बेअरिंगला तुमची सकाळ जायची. दुपारी घरी यायचात ते कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे, आणि त्याच हातांनी चौकट धरून वहाणा काढायचात.

भावजींनी एकदा विचारलं होतं, "दादा, तेल हाय ना? मंग ह्ये पीठ कशाला?"

"बंदरावरच्या मारुतीला जा," तुम्ही म्हणालात, "आनि त्याला नुसतं तेल घाल. सकाली घातलंस ते दुपारी चौथऱ्याव. मंग शेंदूर कालवून लाव. वरीसभर अंगाव बसतंय का नाय?"

भावजींनी कानाला हात लावले. शाफ्टची बरोबरी मारुतीशी केली म्हणून शनिवारी नारळ फोडून आले. त्यांच्या मनात तेव्हा काय घट्ट बसलं ते आपल्याला कळलं नाही.

ह्या दिवाळीच्या आधी तुमचा दमा वाढला. शिडीच्या एकेका पायरीवर थांबत तुम्ही वर चढत होतात. मी खाली शिडी धरून उभी, आणि वरून ती काळी पूड माझ्या डोक्यावर पडत होती. खोकल्याची उबळ आली की तुम्ही शाफ्टला मिठी मारल्यासारखे धरून राहायचात. मला ते बघवेना.

"तेल रोज घालता ना?" मी म्हटलं. "मंग ही उस्तवार कशाला?"

"एकाद दिस मी नसलो तर?"

"नसलो म्हंजे? कुठं चाललात?"

"आपट्याला. लगनाला."

इस्माईलभाई हसले, भावजी हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, त्या पुडीने तेलाच्या वाटा बुजतील आणि एक दिवस सगळंच अडकेल. तुम्ही म्हणालात, नाही अडकत. मी म्हटलं, अडकणार. तेव्हापासून आपलं तेच सुरू झालं. भाकरी वाढताना तेच, अंथरूण घालताना तेच. तुमचं म्हणणं, एखाद दिवस तेल नसलं तरी शिसं शाफ्टला सांभाळील. माझं म्हणणं, नाही सांभाळणार. मला शिशातलं काय कळत होतं? काही नाही. मला एवढंच कळत होतं, की तुमच्यावाचून चालेल अशी गिरणी तुम्ही करून ठेवत होतात. ती तशी चालू नये असं मला वाटत होतं. वैद्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. दोघांनी मिळून शिशावर भांडण केलं, तेवढंच आपल्याला जमलं.

भांडणातला तुमचा शेवटचा शब्द होता, "बघशील." त्याला मी उत्तर देणार होते. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी उठले.

तुम्ही गेलात ती दुपार होती. गिरणी चालू होती आणि तुम्ही पडवीत उशीला टेकून तिच्या आवाजाला बोटाने ठेका देत होतात. मी ताक घेऊन आले तेव्हा बोट थांबलेलं होतं. मला वाटलं, झोप लागली. मी चक्क तुमच्या अंगावर चादर घातली आणि ताक झाकून ठेवलं.

मग रीतीप्रमाणे सगळं झालं. तुम्ही गेलात त्या जागी बायकांनी तांदळाचं पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलं ते बघायचं, म्हणजे माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. तुमच्या आत्याला पाखराचा पाय दिसला. सगळ्यांनी मान डोलावली. मला पिठात एक काळा, चकचकीत ठिपका दिसला. वातीची काजळी असेल. पण काजळी चकाकत नाही, आणि तुमच्या काळ्या बोटांची चौकट तिथून लांब आहे. पीठ गोळा करताना तो ठिपका मी बोटावर घेतला आणि दिवसभर ती मूठ उघडली नाही.

बाहेर भाताच्या गाड्यांची रांग लागली होती. लोक लांबून आलेले, तुम्ही त्यांना शब्द दिलेला. भावजी म्हणाले, दादाचा शब्द मोडायचा नाही, गिरणी चालवायची. इस्माईलभाईंना आपलं सुतक नाही, हलरवरच्या माणसांना नाही, तेव्हा ते चालवतील. इस्माईलभाईंनी इंजिन सुरू करायच्या आधी तुमची कुपी उचलली, तर भावजींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"दहा दिस घरात तेल बंद हाय," ते म्हणाले. "फोडनी नाय, डोकीला तेल नाय, देवाची पूजा नाय. शाफ्टलाबी सुतक हाय."

इंजिनाच्या पोटातल्या तेलाला त्यांची हरकत नव्हती. ते इंजिनाचं खाणं. पण शाफ्टचं तेल म्हणजे तुमच्या हातची सेवा, आणि घर सुतकात असताना सेवा बंद. तिथे जमलेल्या एकालाही ह्यात वावगं वाटलं नाही. उलट चारजण म्हणाले, भाऊ असावा तर असा. जगात दुसऱ्या कुठल्या गिरणीने सुतक पाळलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात, आणि मग घाबरला असतात.

मी आतल्या खोलीत बसलेली. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, आणि माझे कान भिंतीकडे. तुमच्या आत्या म्हणाल्या, दगड झालाय बाईचा. दगड कसला, मी गुणगुण मोजत होते, ती जाड झाली की बारीक. पहिल्या दिवशी तुमच्या हातचं थोडंफार तेल उरलं असेल. पुढे काय? त्या तुसात तेल किती टिकतं ते मी बघितलेलं आहे.

बाजूच्या खिडकीशी इस्माईलभाई यायचे. आत बघायचे नाहीत, भिंतीला पाठ लावून बोलायचे. "भाभी, मी छोटेशेठना सांगून थकलो. ते ऐकत नाहीत. त्यांचं दुःख आहे, मी जास्त काय बोलू?"

"गरम झालंय?"

"काय माहीत, वर चढू देत नाहीत ते. खालून तर धूर दिसत नाही. अल्ला मालिक."

तेल संपलं होतं. शाफ्ट आता कशावर फिरत होता ते मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही खोकत खोकत घासून बसवलेल्या त्या काळ्या थरावर. मध्ये दुसरं काही नव्हतं. एकेक फेरा त्यातलं जरासं घेऊन जात होता. स्मशानात तुम्हाला एकदाच नेलं, इथे दिवसभर नेत होते. मला वाटायचं, थांबवा रे कुणीतरी, त्यांना असं झिजवू नका. आणि गिरणी थांबली की जीव घाबराघुबरा व्हायचा, की संपलं वाटतं. पुन्हा सुरू झाली की हायसं. मग पुन्हा तेच. पहाटे, गिरणी सुरू व्हायच्याही आधी, मला कुपीच्या तळाचा तो टक् आवाज यायचा, तुम्ही अंगठ्याने दाबायचात तसा. उठून बसायचे. रॉकेलचा वासही यायचा. एकदा मी "आले" असं म्हणाले. जाऊ शेजारी झोपली होती. तिने माझा हात धरून ठेवला.

मग एका दुपारी आवाज बदलला. गुणगुणीतून एक बारीक चीत्कार उठला, लांबत गेला, थांबला, पुन्हा उठला. बेअरिंग जळालं त्या वर्षीचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. शाफ्ट गेला तर गिरणी गेली, आणि गिरणी गेली की तुमचं मागे काय राहिलं? मी उठले. आत्या म्हणाल्या, कुठे निघालीस, सुतक फिटलेलं नाही. मी ऐकलं नाही. केस मोकळे, तशीच अंगण ओलांडून गिरणीत गेले. गाडीवाल्यांनी मला बघून माना फिरवल्या. नुकत्याच विधवा झालेल्या बाईने असं चारचौघांत यायचं नसतं, ते मलाही ठाऊक होतं.

भावजी शिडीच्या पायाशी उभे होते. कुपी त्यांच्या हातातच होती, जणू दिवसभर घेऊनच हिंडत होते.

"वयनी, मागं फिरा. सुतक हाय."

"पडवीतल्या दिव्याला तेल रोज कोन घालतं?" मी विचारलं.

"तुमी."

"त्या तेलाला सुतक नाय?"

"तो दिवा दादाचा हाय."

"मंग ह्यो शाफ्ट कुनाचा हाय?"

पट्टे डोक्यावर फटफटत होते. मी हात पुढे केला तरी ते कुपी सोडीनात. मग त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. म्हणाले, "तुमी तेल घातलंत का झालं, वयनी. तवर मला वाटतंय, दादा आपट्याला गेलाय."

माझं सगळं अवसान तिथेच गळालं. आठवडाभर मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. त्याने शाफ्टला तेल घालू दिलं नाही, कारण ती जागा तुमची होती आणि ती त्याला रिकामी ठेवायची होती. मलाही दुसरं काय हवं होतं? मी त्यांच्या हातून कुपी घेतली तेव्हा त्यांनी ती घेऊ दिली, आणि शिडी धरायला खाली वाकले.

इस्माईलभाईंनी इंजिन बंद केलं. पट्टे हळू होत होत थांबले आणि गिरणीत इतकी शांतता झाली की बाहेरच्या बैलांच्या रवंथाचा आवाज आला. मी वर चढले. बेअरिंगच्या टोपीवर हात ठेवायचा धीर होईना.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुम्ही मला ह्याच शिडीवर चढवलं होतंत. सगळी माणसं बघत असताना माझं मनगट धरलंत आणि माझा तळहात ह्याच टोपीवर टेकवलात. "हात ठेवता आला का समजायचं, ती सुखात हाय," म्हणालात. मी लाजून अर्धी झाले होते. चारचौघांत तुम्ही माझा हात धरलात तो तेवढाच, आधी नाही आणि नंतरही नाही.

मी हात ठेवला. टोपी कोमट होती. ताप उतरल्यावर कपाळ असतं तशी. दुसरीवर ठेवला, तीही तशीच. तळहात मी तसाच टेकवून ठेवला, आणि मला कळेना की हा हात माझाच आहे की वरून तुम्ही धरून ठेवला आहे.

"भाभी," खालून इस्माईलभाई म्हणाले, "बेअरिंग नाही, पट्टा चिरकतोय. सांधा सुटलाय त्याचा."

अहो, मला आनंद व्हायला हवा होता. गिरणी वाचली होती. मला रडू फुटलं ते रागाने. मला ती टोपी गरम हवी होती. हात भाजायला हवा होता. मग मी शिडीवरून ओरडून म्हटलं असतं, बघा, मी सांगत नव्हते? तुमच्यावाचून नाही चाललं, बघा. वाद मी जिंकला असता. पण तुम्ही सगळी तयारी करून गेला होतात, इतकी चोख, की तुम्ही नसल्याचं शाफ्टला कळलंसुद्धा नाही. मग मीच एकटी राहिले होते कळायला. मी तेल घातलं. एकेका बेअरिंगवर, तुम्ही सोडायचात तसं. शेवटच्याला बोट लावलं, पण कपाळाला लावायला हात धजेना. ते पदराला पुसलं आणि खाली उतरले.

सुतक फिटल्यावर इस्माईलभाईंनी पट्टे उतरवून टोप्या काढल्या. मला, भावजींना वर बोलावलं. आतला पांढरा धातू शाबूत होता. शाफ्टवर कडेला दोन ठिकाणी लोखंड उघडं पडून पांढरं दिसायला लागलं होतं, बाकी सगळीकडे तुमचा काळा आरसा होता. पातळ झालेला, पण होता. मी वाकून बघितलं तर त्यात माझं तोंड दिसलं, कुंकवावाचूनचं. मला ते तोपर्यंत आरशात बघवलं नव्हतं.

"दादाचा अर्धा डबा हाय अजून," भावजी म्हणाले. "इस्मालभाई, तुमी लावा आता. दादावानीच लावा."

इस्माईलभाईंनी मान हलवली. "लावतो. पण जुना पुरा पुसायला लागेल, छोटेशेठ. रॉकेलने साफ करून, पॉलिश पेपर मारून, मग नवा. जुन्यावर नवा बसत नाही."

त्यांनी रॉकेलची चिंधी भिजवलीसुद्धा. तो वास आला आणि मी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात धरला, भावजींच्या देखत. "नको," एवढंच म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इस्माईलभाईंनी चिंधी बाजूला ठेवली. म्हणाले, "नाही पुसलं तर मग तेल एक दिवसही चुकून चालणार नाही, भाभी."

आपल्या भांडणात एकदा तुम्ही मला समजावून सांगितलं होतंत, आणि मी मुद्दाम ऐकत नसल्यासारखं केलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, दोघं एकमेकांना सांभाळतात. तेल आहे तोवर भार तेल घेतं आणि शिशाला झीज लागत नाही. तेल आटलं की शिसं पुढे होतं, पण ते एकटं फार दिवस पुरत नाही. त्याच्यावर रोज तेल राहिलं, तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. मी तेव्हा म्हटलं होतं, भाजी निवते आहे.

तेव्हा वाद तुम्ही जिंकलात. एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका. तुमच्या शिशाने शाफ्ट सांभाळला.

भावजींनी कुपी चिंचेने घासून लख्ख करून मला दिली. पहिल्या दिवशी गाडीवाले कुजबुजले, बाईमाणूस शिडीवर चढते म्हणून. आता कुणी बघत नाही. सकाळी आंघोळ करून मी जाते, एकेका बेअरिंगवर तेल सोडते, तूस पुसून काढते, आणि दुपारी पुन्हा जाते, कारण एका वेळचं मला पुरेसं वाटत नाही. भावजी सगळ्यांना कौतुकाने सांगतात, वयनी शाफ्टला जपतात, दादाच्यापेक्षा जास्त जपतात, शाफ्टला काही होऊ देणार नाहीत. मी त्यांना तसं वाटू देते. शाफ्ट काय, दुसरा मिळेल.